लोकरीखालचं अंग: व्यायला आलेली मेंढी किती अंगावर असावी?

दिवाळीच्या पुढेमागे पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर मेंढरांचे कळप दिसू लागतात. पुढे काठीवाला, मागे कुत्री, शेवटी घोड्यावर लादलेला संसार आणि त्याच घोड्यावर जाळीत बसवलेली दोन-चार कोकरं. गाडी थांबवून फोटो काढणाऱ्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात: काळी, लोकरीनं भरलेली, गोलमटोल. त्यातल्या बऱ्याच गाभण असतात, महिनाभरात व्यायच्या असतात. यातल्या कुठल्या मेंढीचं कोकरू तगेल आणि कुठलं दुसऱ्या दिवशी सकाळी गारठलेलं सापडेल, याचा अंदाज बराचसा आजच बांधता येतो. फक्त तो नजरेनं बांधता येत नाही, कमरेवर हात ठेवावा लागतो.

सरकारच्या महामेष योजनेतून 20 मेंढ्या आणि 1 मेंढा असे गट घेऊन नव्यानं मेंढीपालनात उतरलेल्यांना हा प्रश्न हमखास छळतो. मेंढ्या बघायला चांगल्या होत्या, खायला घातलं, तरी कोकरं का गेली? थंडी, नशीब, दृष्ट असं काय काय सांगितलं जातं. थंडीचा वाटा असतोच. पण त्याच रात्री, त्याच वाड्यात (मेंढरं बसवायच्या कुंपणात) दहा कोकरं जगतात आणि तीन मरतात, तेव्हा त्या तिघांच्या आयांकडे बघायला हवं.

मुळात ‘अंगावर असणं’ म्हणजे काय?

मेंढपाळांच्या बोलण्यात मेंढी ‘अंगावर आहे’ किंवा ‘उतरली आहे’ असं येतं. शास्त्रात याला शरीरस्थिती गुण म्हणतात. पुढे नुसतं ‘गुण’ म्हणू. मेंढीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, मांस आणि चरबी किती आहे हे हातानं चाचपून 1 ते 5 मध्ये दिलेला आकडा. 1 म्हणजे हाडाचा सापळा, 5 म्हणजे लठ्ठ. अर्धा गुणही देतात, म्हणजे अडीच, साडेतीन वगैरे. 1961 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ही पद्धत मांडली गेली आणि 1969 मध्ये स्कॉटलंडच्या संशोधकांनी मेंढीच्या शरीरातली चरबी प्रत्यक्ष मोजून ती ताडून पाहिली. हाताचा अंदाज आणि खरी चरबी चांगली जुळली.

यात नवल काही नाही. चाकणच्या शनिवारच्या बाजारात कुठलाही मुरलेला व्यापारी बोकडाच्या किंवा मेंढ्याच्या कमरेत हात घालूनच भाव बोलतो. त्याला मटण किती पडेल ते बघायचं असतं, आपल्याला मेंढीकडे शिल्लक किती आहे ते. हात तोच, जागा तीच.

वजनकाटा का चालत नाही? आपली दख्खनी मेंढी साधारण 28 ते 32 किलोची. विण्याच्या तोंडावर तिच्या पोटात कोकरू, पाणी आणि वार मिळून चार-पाच किलो सहज असतात. काटा म्हणतो वजन वाढलं, पण तेवढ्याच दिवसांत तिच्या अंगावरचं तीन किलो उतरलेलं असू शकतं. पोटावरून तर बोलायलाच नको. निकृष्ट कडब्यानं आणि जंतांनीही पोट सुटतं.

गच्चीवरची टाकी

पुणेकरांना हा हिशेब पाण्याच्या टाकीवरून लगेच कळेल. महापालिकेचं पाणी म्हणजे मेंढीचा रोजचा चारा. गच्चीवरची टाकी म्हणजे अंगावरची चरबी आणि मांस. नळाला पाणी व्यवस्थित असेल तर टाकीकडे कुणी बघत नाही.

गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. पहिले साडेतीन महिने पोटातलं कोकरू फार काही मागत नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत मात्र त्याच्या जन्मवजनातला सुमारे 70 टक्के भाग भरतो. पावणेतीन किलोचं कोकरू धरलं तर त्यातले जवळपास दोन किलो या सहा आठवड्यांतले. शिवाय शेवटच्या महिन्यात कास भरायची असते, चीक तयार व्हायचा असतो.

आणि नेमका याच वेळी नळ बारीक होतो. गर्भाशय पोटातली जागा व्यापतं, कोठीपोट (चारा साठवून आंबवणारा जठराचा मोठा कप्पा) दाबलं जातं, त्यामुळे कडबा, भुसकट असला भारी चारा मेंढी पूर्वीइतका खाऊ शकत नाही. मागणी वाढलेली, पुरवठा आटलेला. मग टाकी उघडते. सव्वादोन-अडीच महिन्यांनी पाणीकपात होणार हे माहीत असताना जो टाकी भरून ठेवतो त्याचं निभावतं. कपात लागल्यावर धावपळ करणाऱ्याला टँकर मागवावा लागतो, आणि मेंढीच्या बाबतीत टँकर वेळेवर येत नाही.

हात कसा लावायचा

मेंढी सपाट जागी, मोकळी उभी असावी. कोपऱ्यात चेपलेली किंवा कुणी मान आवळून धरलेली मेंढी अंग ताठ करते आणि गुण चुकतो. डाव्या हातानं हनुवटीखाली हलका आधार द्या. उजव्या हातानं शेवटची बरगडी शोधा आणि तिच्या लगेच मागे, पाठीच्या कण्यावर पंजा आडवा ठेवा. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. लोकर दाबून खाली कातडीपर्यंत पोचा. आता तीन गोष्टी चाचपायच्या.

एक, कण्याचे वर आलेले उभे काटे. ते टोचतात, नुसते जाणवतात, की दाबूनच लागतात? दोन, कण्यापासून बाजूला गेलेले आडवे काटे. त्यांची टोकं बोटांना टोकदार लागतात की गोल, आणि बोटं त्यांच्या खाली सरकतात का? तीन, या दोन काट्यांमधल्या खोबणीतला मांसल पट्टा. तो खोलगट आहे, सपाट आहे, की फुगीर?

1 गुण: उभे काटे करवतीसारखे, बोटं आडव्या काट्यांखाली सहज जातात, खोबण खोल. 2 गुण: काटे वेगवेगळे मोजता येतात पण टोकं बोथट झालेली, थोडं दाबलं की बोटं खाली जातात. 3 गुण: उभे काटे गुळगुळीत उंचवट्यासारखे, वेगळे मोजायला दाब द्यावा लागतो, आडव्या काट्यांची टोकं जोरानं दाबल्यावरच लागतात, खोबण भरलेली. 4 गुण: उभे काटे दाबल्यावर एक कडक रेघ म्हणून लागतात, आडवे लागतच नाहीत. 5 गुण: कणा कुठे आहे हेच कळत नाही, उलट मधे घळ आणि दोन्ही बाजूंना चरबी.

हाताला सवय नसेल तर स्वतःचाच हात वापरा. मूठ आवळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा, ते झालं दीडच्या आसपास. बोटं सरळ करून त्याच गाठींवरून फिरवा, तीनच्या जवळ. अंगठ्याच्या बुंध्याशी तळहाताचा जो मांसल गोळा आहे तो दाबा, साडेचार-पाच. पहिल्या दिवशी वीस मेंढ्यांना दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग ताळा करायचा. अर्ध्या गुणाचा फरक चालतो. एका माणसानं नेहमी अर्धा जास्त दिला तरी हरकत नाही, तोच माणूस दर वेळी असला म्हणजे झालं. एका मेंढीला दहा-पंधरा सेकंद पुरतात.

विताना किती गुण हवेत? तीनच्या आसपास. अडीच ते साडेतीन या पट्ट्यात मेंढी असली की चिंता नाही, आणि जुळं अपेक्षित असेल तर पट्ट्याच्या वरच्या बाजूला असावी. एक गुण म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण दहावा ते आठवा हिस्सा, म्हणजे दख्खनीत तीन ते चार किलो. हे तीन-चार किलो चांगल्या चाऱ्यावरही भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

उतरलेली मेंढी व्याली तर

पहिला फटका कोकराच्या वजनाला. ते दोन किलोच्या आत जन्मलं तर त्याचं अंग लहान आणि त्या मानानं कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे उष्णता झपाट्यानं जाते. कोकरू जन्मताना अंगात एका खास चरबीची शिदोरी घेऊन येतं. तपकिरी रंगाची ही चरबी जळून फक्त ऊब देते. ती काही तासच पुरते, आणि उपाशी आईच्या कोकराकडे ती आधीच तुटपुंजी असते. मार्गशीर्षातली इंदापूर-शिरूरच्या माळावरची पहाट आठवा: आठ-दहा अंश, उघडं रान, ओलं कोकरू.

दुसरा फटका चिकाला, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा. शहरात चीक म्हटलं की खरवस आठवतो. कोकरासाठी तो जगण्याचा परवाना आहे. माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक घटक पोटात असतानाच नाळेतून मिळतात. मेंढीत ते वारेतून पलीकडे जात नाहीत. कोकरू कोरं जन्मतं आणि सगळं संरक्षण चिकातून घेतं. त्याच्या आतड्याची हे घटक शोषून घेण्याची दारं पहिल्या काही तासांत सताड उघडी असतात, मग मिटू लागतात आणि चोवीस तासांत जवळपास बंद होतात. हिशेब असा: पहिल्या दोन तासांत दर किलो वजनामागे 50 मिली, चोवीस तासांत 200 मिली. अडीच किलोच्या कोकराला पहिल्यांदा 125 मिली, म्हणजे एक चहाचा कप, आणि दिवसभरात अर्धा लिटर. उतरलेल्या मेंढीचा चीक कमी तर असतोच, शिवाय घट्ट आणि चिकट येतो. सडातून ओढायला अशक्त कोकराला जोर लागतो, तोच त्याच्यापाशी नसतो.

आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या आजाराची) लस विण्याआधी तीन-चार आठवडे मेंढीला टोचतात ती याच वाटेनं कोकरापर्यंत पोचावी म्हणून. चीकच नसेल तर लसीचे पैसे वाया.

तिसरा फटका कमी बोलला जातो. व्याल्यावर मेंढी कोकरू चाटते, हुंगते, त्या वासानं ओळख पक्की होते. त्यासाठी तिनं विण्याच्या जागी काही तास थांबायला हवं. भुकेली मेंढी थांबत नाही, चरायला निघते. कोकरू मागे राहतं. ‘आईनं टाकलं’ म्हणून ज्या कोकराची बोळवण होते, त्यातल्या अनेकांच्या आयांचा गुण दीड-दोन निघेल.

पुढे दूध. व्याल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाची मागणी सर्वाधिक असते आणि चांगली मेंढीसुद्धा या काळात अर्धा ते एक गुण उतरते. तीनची मेंढी दोनवर येते, ठीक. दोनची मेंढी एकवर आली की दूध आटतं, ती पुढच्या माजाला येत नाही, आणि जंत तिला पोखरतात. विण्याच्या सुमाराला मेंढीची जंतांविरुद्धची पकड सैल होते आणि लेंड्यांतून जंतांची अंडी जास्त पडू लागतात. उतरलेल्या मेंढीत हे अधिक. म्हणजे ती स्वतः तर खंगतेच, कोकरं ज्या रानात पहिलं गवत तोंडात घेणार ते रानही खराब करते.

मग भरपूर लठ्ठ केली की झालं?

नाही, आणि इथे बंदिस्त पालनवाले फसतात. चालत्या कळपात चार गुणांची मेंढी शोधून सापडत नाही. पण गोठ्यात मका भरडा, लसूणघास, वर फिरायला जागा नाही, आणि पोटात एकच कोकरू अशी मेंढी साडेचारवर जाते. तिच्या पोटातली चरबीच कोठीपोटाला दाबते, म्हणून ती शेवटच्या महिन्यात आणखी कमी खाते. कोकरू मोठं, वाट अरुंद, त्यामुळे अडण्याची भीती. मायांग, म्हणजे योनीचा भाग, बाहेर येण्याचा धोकाही वाढतो. (याला बोलीत ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात, आपण ज्या अंगाविषयी बोलतोय ते हे नव्हे.)

आणि गाभणकाळातला विषार. शेवटच्या चार-सहा आठवड्यांत मेंढीला साखर कमी पडू लागली की शरीर चरबी वितळवून यकृताकडे पाठवतं. चुलीत एकदम लाकडं कोंबली आणि हवा कमी पडली तर जाळ होत नाही, धूर होतो. तसंच यकृतात चरबीचा लोंढा आला आणि ती नीट जाळायला साखर नसली की अर्धवट जळलेले पदार्थ रक्तात साचतात. त्यांना कीटोन म्हणतात. मेंढी कळपातून मागे राहते, खाणं टाकते, दात चावते, दिसत नसल्यासारखी भिंतीला किंवा कुंपणाला डोकं लावून उभी राहते, तोंडाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. दोन-तीन दिवसांत बसते, मग उठत नाही.

हा आजार जुळं असलेल्या उतरलेल्या मेंढीला होतो आणि लठ्ठ मेंढीलाही. एकीकडे लाकूडच नाही, दुसरीकडे लाकडांचा ढीग आहे पण जाळ धरत नाही. म्हणून सर्वांत घातक चूक ही: महिना उरला असताना लक्षात येतं की मेंढी फार लठ्ठ झाली, आणि मालक तिचा खुराक तोडतो. तोच तिचा आजार सुरू होण्याचा दिवस. लठ्ठ मेंढीला उतरवायचं तर ते गाभणकाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तेही अर्ध्या गुणापेक्षा जास्त नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत कुणालाही उपाशी ठेवायचं नाही, लांबच्या गाडीप्रवासानंही नाही.

गूळपाणी पाजायची पद्धत जुनी आहे. वाईट नाही, पण भरवसा ठेवण्यासारखी नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात गूळ पोचला की तिथले जिवाणूच तो आंबवून टाकतात, रक्तात साखर म्हणून फारसा पोचत नाही. पशुवैद्यक प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायला देतात किंवा शिरेतून ग्लुकोज देतात ते म्हणूनच. लक्षण दिसलं त्याच दिवशी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावावा.

वाढ्याचा पेच

पूर्व पुणे जिल्ह्यात, म्हणजे बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर इकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, स्वस्तात, कधी फुकटही मिळतं. गाभण मेंढीचे शेवटचे आठवडे नेमके हेच. वाढ्यानं पोट भरतं, पण त्यात ऑक्झलेट असतात, ती कॅल्शियमला बांधून ठेवतात. कोकराची हाडं घडताना आणि कास भरताना मेंढीला कॅल्शियम लागतंच. ते अचानक कमी पडलं की मेंढी थरथरते, मागचे पाय लुळे पडतात, मान वाकडी टाकून बसते. दिसायला विषारासारखंच, पण हे काही तासांत उतू जातं आणि कॅल्शियमचं इंजेक्शन मिळालं तर मेंढी तासाभरात उठूही शकते. कळप लांब चालवला, अवकाळीत भिजला की जास्त दिसतं. वाढं बंद करा असं म्हणणं सोपं आहे, व्यवहारात ते जमणार नाही. मग निदान ते एकटं नको. निम्मा चारा दुसरा असावा: सुबाभूळ, शेवरी, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला. आणि रोजचं खनिज मिश्रण चुकवू नये.

तारखा मांडून बघू

आषाढी वारीत काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. पहिल्या पावसाचं कोवळं गवत आणि मेंढ्यांचा माज साधारण त्याच दिवसांतला. समजा मेंढी 1 जुलैला लागली, म्हणजे मेंढ्यापासून गाभण राहिली. मग 28 नोव्हेंबरच्या सुमारास ती व्यायची.

31 जुलैपर्यंतचा पहिला महिना: गर्भ रुजण्याचा. खाण्यात मोठे चढउतार नकोत, आणि अल्बेंडाझोलचा डोस या महिन्यात टाळायचा, गर्भात व्यंग येऊ शकतं. जंताचं औषध मेंढा सोडण्याआधीच द्यावं.

29 सप्टेंबरला 90 दिवस भरतात. तोवर वारेची वाढ जवळपास पूर्ण होते. वार म्हणजे कोकराचा नळजोड. तो एकदा बारीक बसला तर पुढे कितीही खुराक घाला, पाणी तेवढंच जाणार. मधल्या काळात तीनच्या मेंढीनं पाव-अर्धा गुण गमावला तर चालतो, दोनच्या मेंढीनं अजिबात गमावायचा नाही. या सुमाराला, नवरात्राच्या आसपास, सगळ्या गाभण मेंढ्यांना हात लावायचा. ही वर्षातली सर्वांत महत्त्वाची मोजणी. यापुढे सहा-आठ आठवड्यांचा अवधी शेवटचा आहे.

17 ऑक्टोबरपासून शेवटचे सहा आठवडे. दिवाळी, कापणी, आणि कळप घाटाखाली किंवा बागायती भागाकडे निघण्याची वेळ. म्हणजे कोकरू सर्वांत जास्त मागतंय तेव्हाच आई रोज मैलोन्मैल चालतेय. स्थलांतर थांबवता येत नाही. पण निघताना ज्या मेंढ्या दोनच्या खाली आहेत त्या गावी मागे ठेवता येतात, किंवा वाड्यावर संध्याकाळी त्यांना वेगळा खुराक घालता येतो.

‘सगळ्यांना खुराक परवडत नाही’

बरोबर, आणि म्हणूनच गुण द्यायचे. वीस मेंढ्यांचा गट धरा. सरसकट 200 ग्रॅम खुराक सहा आठवडे, म्हणजे 42 दिवस घातला तर 168 किलो लागतो. आता समजा हात लावून पाहिलं तर 5 उतरलेल्या, 11 ठीक आणि 4 जास्त अंगावर निघाल्या. पाचांना 300 ग्रॅम: 63 किलो. अकरांना 150 ग्रॅम: 69 किलो. चौघींना 50 ग्रॅम: साडेआठ किलो. बेरीज 140-141 किलो. सुमारे 27 किलो वाचले आणि ज्यांना गरज होती त्यांना दीडपट मिळालं.

सरसकट घालण्यात आणखी एक गोम आहे. गव्हाणीत जागा कमी असली की दांडग्या मेंढ्या पुढे घुसतात आणि कमजोर मागे राहतात. लठ्ठ आणखी लठ्ठ, हाडकुळी तशीच. दर मेंढीमागे हातभर जागा तरी हवी, नाहीतर वेगळं बांधायला हवं.

खुराकात मका किंवा बाजरीचा भरडा निम्मा, शेंगदाणा वा सरकी पेंड पाव, उरलेल्यात गव्हाचा कोंडा किंवा तुरीची चुनी, आणि शंभर किलोमागे दोन किलो खनिज मिश्रण, एक किलो मीठ. सुरुवात 50 ग्रॅमपासून आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढ. पहिल्याच दिवशी 300 ग्रॅम भरडा घातला तर पोटात आंबट होऊन मेंढी आडवी पडते. 200 ग्रॅमच्या वर गेलं की सकाळ-संध्याकाळ विभागून.

‘शेवटी जास्त खाऊ घातलं तर कोकरू मोठं होऊन अडतं’

ही समजूत इतकी पसरलेली आहे की शेवटच्या महिन्यात मुद्दाम चारा तोडणारे आजही भेटतात. चार गुणांच्या, एकच कोकरू असलेल्या मेंढीबाबत तीत तथ्य आहे. आपल्याकडची बहुसंख्य मेंढी दोन-अडीचची. तिचा चारा तोडल्यानं कोकरू जरा लहान होईल, पण आईचा जोर, चीक आणि दूध त्याहून जास्त घटेल. कळा द्यायलाही ताकद लागते. दमलेली मेंढी लहान कोकरावरही अडते.

जुळ्यांचा मुद्दा इथेच येतो. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. नीरा नदीपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. त्या रक्ताच्या मेंढ्या आता बऱ्याच कळपांत आहेत. बी जुळ्याचं आणि चारा एकट्याचा, असं केलं तर जनुकाला दोष देऊन उपयोग नाही. अशा मेंढीला तीनच्या खाली विऊ द्यायचं नाही.

‘आमची म्हातारी माणसं नुसतं बघून सांगायची’

सांगायची, कारण वर्षातून दोनदा लोकर कातरली जायची तेव्हा प्रत्येक मेंढी त्यांच्या हाताखालून जायची. नजर त्या हातावर तयार झालेली होती. कातरल्यावर चार दिवस कुणालाही दिसतं. विण्याच्या वेळी मात्र लोकर वाढलेली असते आणि ती दोन आणि तीन यांतला फरक सहज झाकते.

गोठ्यातल्या मोठ्या अंगाच्या माडग्याळ जातीच्या मेंढीला दख्खनीचा मापदंड लावावा का, असाही प्रश्न येतो. लावावा. वजन जातीप्रमाणे बदलतं, गुण नाही. तीन म्हणजे तीन. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत मालपुरा मेंढ्यांचे अडीच, तीन ते साडेतीन आणि चार गुणांचे गट करून तुलना झाली, तिथेही मधला गट सरस ठरला.

खाऊनही अंग धरत नसेल तर

खुराक वाढवण्याआधी तोंड उघडून बघा. पाच-सहा वर्षांपुढे पुढचे दात पडतात, झिजतात. अशी मेंढी रानात चरताना निम्मं गवत सोडून देते. मग खालची पापणी ओढून डोळ्याची आतली त्वचा बघा. लाल-गुलाबी असावी. पांढरट असेल आणि जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबत असेल, तर रक्त पिणारे जंत आहेत. कालव्याकाठी, पाणथळ जागी चरणाऱ्या कळपात यकृतातले चपटे कृमीही असतात, त्यांचं औषध वेगळं. खुरं कुजली असतील तर मेंढी चालत नाही, चालत नाही म्हणून चरत नाही. यातलं काही असताना नुसता भरडा घालणं म्हणजे फुटक्या टाकीत पाणी भरणं.

व्याल्यावर पहिला तास

गुण कमी होता, आता वेळ गेली, मेंढी व्याली. अजून बरंच हातात आहे. तिला आणि कोकराला दोन दिवस आडोशाला वेगळं ठेवा, तिच्यापुढे हिरवा चारा आणि पाणी तिथेच द्या, म्हणजे ती कोकरू सोडून जाणार नाही. दोन्ही सड एकदा पिळून तोंडाशी बसलेला चिकट खडा काढा. नाळेला टिंक्चर आयोडीन. तासाभरात कोकरू प्यायलं नाही तर चीक पिळून पाजा, आईला नसेल तर दुसऱ्या मेंढीचा, तोही नसेल तर शेळीचा. जास्त असलेला चीक बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर पुढच्यांना उपयोगी पडतो. वितळवताना कोमट पाण्यात, उकळवायचा नाही, खरवस होईल.

कोकराचं तोंड आतून गार लागत असेल तर थर्मामीटर लावा. 39 ते 40 अंश सेल्सियस ठीक, 37 च्या खाली धोका. पाच तासांच्या आतलं असेल तर पुसून, ऊब देऊन, मग नळीनं चीक. पाच तास उलटून गेले असतील आणि मान धरत नसेल तर आधी शेकायचं नाही. त्याची साखर संपलेली असते, अंग तापताच उरलीसुरलीही जळते आणि झटके येतात. अशा वेळी आधी पशुवैद्यकाकडून पोटाच्या पोकळीत इंजेक्शननं ग्लुकोज, मग ऊब.

पुढच्या वेताची टाकी

दोन वर्षांत तीन वेतं घ्यायची म्हणजे दर आठ महिन्यांनी एक. त्यातले पाच महिने गाभणकाळाचे, उरले तीन, आणि कोकरू तीन महिने पितं. टाकी भरायला लागणारे सहा-आठ आठवडे यात कुठे बसतात? बसतच नाहीत, जोवर कोकरं दोन महिन्यांत दुधावरून तोडून त्यांना आधीपासून वेगळा खुराक लावलेला नसतो. ज्याच्याकडे तेवढा चारा नाही त्यानं वर्षाला एकच वेत घ्यावं, असं स्पष्ट सांगायला हवं.

कोकरू तोडताना प्रत्येक मेंढीच्या कमरेवर पुन्हा हात ठेवा. दोनच्या खाली असलेल्यांच्या पाठीवर रंगाची एक रेघ मारा, मेंढा सोडण्याआधी तीन आठवडे त्यांना 200 ते 250 ग्रॅम खुराक लावा. दात ठीक, जंत नाहीत, खुराक मिळाला, तरी मेंढी आषाढात दोनवरच असेल, तर तिला मेंढ्याकडे सोडायचं नाही. तिची जागा चाकणच्या बाजारात, आणि तिथला व्यापारीही तिच्या कमरेत आधी हात घालणार.